माझ्या शहाण्णव स्लाइड्स

२ डिसेंबर २०२४, सोमवार
निवृत्तीला अठ्ठ्याऐंशी दिवस उरले. आजपासून रोज लिहायचं. माझ्यामागे या ज्युनिअर कॉलेजची बायॉलॉजी लॅब कशी चालायची, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. निदान माझ्यापाशी तरी लेखी असावं. वाचायचं कुणी नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे लाकडी पेटी. तीत शहाण्णव काचेच्या स्लाइड्स. सगळ्या मी १९९२ साली स्वतःच्या हातानं केलेल्या. कांद्याच्या मुळाचं टोक, बेडकाचं रक्त, लिलीच्या पानाचा छेद. ब्लेडनं पातळ कापायचं, रंगवायचं, काचेवर ठेवायचं, वरून कागदाइतकी पातळ काच चिकटवायची. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी घेतली नव्हती. बत्तीस वर्षं मुलं त्याच बघतात. प्रॅक्टिकलला आमची सरासरी तीसपैकी अठ्ठावीस. काळेवाडीत दुसऱ्या कुठल्या कॉलेजची असेल तर दाखवा.

स्वप्नाली म्हणून नवी मुलगी तासिका तत्त्वावर घेतली आहे. तिनं आज नव्या स्लाइड्सच्या सेटचा मागणी अर्ज पुढे ठेवला. म्हणाली, मॅडम, एकदा पेटीतल्या स्वतः बघा ना. मी म्हटलं, जिनं केल्या तिला बघायची गरज नसते. अर्ज परत दिला. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या.

संकल्प: निवृत्तीआधी काचेचं कपाट. वर पितळी पाटी. ‘प्रा. सौ. कौशल्या निरगुडकर स्लाइड संग्रह’.

३ डिसेंबर
भिमाजीला पेटी पुसायला सांगितली. भिमाजी आमचा लॅब अटेंडंट, एकवीस वर्षं इथेच. म्हणाला, पुसून काय व्हनार हाय मॅडम. आळशी माणूस.

५ डिसेंबर, गुरुवार
आज सगळ्या स्लाइड्स तपासून यादी करणार होते. गुरुवारी इकडे दुरुस्तीसाठी वीज बंद असते. राहिलं. स्वप्नाली म्हणाली, आपले मायक्रोस्कोप आरशाचे आहेत, त्यांना वीज लागत नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं.

९ डिसेंबर
बारावी ‘ब’चं प्रॅक्टिकल. स्लाइड क्रमांक १४, कांद्याचं मूळ, मायटॉसिस. पेशी एकाच्या दोन कशा होतात त्याच्या चार अवस्था. माझी सर्वांत सुंदर स्लाइड. एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, पण आत सोनं आहे.

एकतीस जर्नल्स तपासली. तीस मुलांची चित्रं निर्दोष. इतकी एकसारखी, की एकावर एक ठेवून उजेडात धरली तर रेघ हलायची नाही. याला शिकवणं म्हणतात.

एकतिसावी तेजस्विनी खाडे. जूनमध्ये केजहून आली. तिनं पानभर एक वर्तुळ काढलं आहे. कडा जाड, काळी. आत कोरं. खाली लिहिलंय, ‘मोठा गोल दिसला. आत काही नाही.’ लाल पेनानं फुली मारली. शून्य. वर्गात उभं करून विचारलं, ही काय थट्टा आहे का? म्हणाली, नाही मॅडम, जे दिसलं ते काढलं. मी म्हटलं, बाकी तीस जणांना दिसलं ते काय खोटं? म्हणाली, मी विचारलं त्यांना. ते हसले.

तेव्हाही हसलेच. वर्गात शिस्त हवी, पण या हसण्याला मी आडकाठी केली नाही.

१० डिसेंबर
मधल्या सुट्टीत पुन्हा आली. पुन्हा बघितलं. पुन्हा गोल. या वेळी पट्टी लावून व्यास मोजून लिहिला आहे. हट्टी.

स्पष्ट सांगितलं, चौदा नंबर बरोबर निघाल्याशिवाय जर्नलवर सही नाही. आणि सही नाही तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही. नियम मी केलेला नाही. मी फक्त पाळते.

स्वप्नाली मागून हळूच म्हणाली, मॅडम, तिनं काढलाय तो काचेखालचा एअर बबल आहे. मी म्हटलं, तुझी नेमणूक एकतीस मार्चपर्यंत आहे ना? हो म्हणाली. मग परीक्षानळ्या धुवायला लागली.

१२ डिसेंबर
स्लाइड्स तपासायला बसले. चष्मा घरी. राहिलं.

१४ डिसेंबर, शनिवार
तेजस्विनीची आई येऊन गेली. शालनबाई. चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते. रात्रपाळी करून, अंघोळसुद्धा न करता थेट इकडे. हाताला डाळीच्या फोडणीचा वास. पोरीला नर्सिंगला जायचंय म्हणाली. बारावीला बायॉलॉजी हुकली तर मामा कंपनीत चिकटवणार, नाहीतर गावाकडे स्थळ बघून ठेवलंय त्यानं. बाई, एक सही द्या, असं तीनदा म्हणाली.

मी म्हटलं, पहिली गोष्ट, मी मॅडम. दुसरी गोष्ट, मुलीला सांगा डोळे उघडून बघ. ती म्हणाली, मॅडम, पोरगी खोटं बोलत न्हाई, तेवढा एकच अवगुण हाय तिच्यात.

अशा पालकांना वळण लावायचं म्हणजे थेट जन्मापासून सुरुवात करावी लागेल. वेळ नाही.

१८ डिसेंबर
आनंदाची बातमी. चाकणची एक कंपनी कॉलेजला डिजिटल मायक्रोस्कोप देते आहे. भिंतीएवढा टीव्ही जोडायचा, स्लाइड सगळ्या हॉलला एकदम दिसते. संस्थेचे अध्यक्ष मालोजीरावांचा फोन. अठरा जानेवारीला कार्यक्रम. म्हणाले, मॅडम, तुमच्याच काचा लावायच्या टीव्हीवर. तुमी रिटायर व्हनार, पावन्यांनीबी बगूद्या बत्तीस वर्सात काय केलं ते.

जमिनीच्या व्यवहारातला माणूस, पण कदर आहे. चौदा नंबर सुचवला. पितळी पाटीचंही बोलले. व्हय, करू म्हणाले.

२२ डिसेंबर, रविवार
मैत्रीला फोन. लेक वाकडला असते, आयटीत. ती इथलीच विद्यार्थिनी, २०१३ची बॅच, प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस. टीव्हीचं सांगितलं. मग म्हणाली, आई, त्या दिवसापुरती एखादी नवी स्लाइड मागव ना. मी म्हटलं, का? तू स्वतः चौदा नंबर काढून पैकीच्या पैकी घेतले होतेस. म्हणाली, काढला होता गं. बघितला नव्हता. कुणीच बघत नव्हतं.

वाकडला त्या उंच इमारतींत रेंज नीट मिळत नाही. काहीतरी तुटक बोलली. फोन मी ठेवला.

२३ डिसेंबर
मैत्री असं का म्हणाली असेल? बहुधा ऑफिसचा ताण.

३१ डिसेंबर
नव्या वर्षाचे संकल्प. पहाटे साडेपाचला उठणे. साखर बंद. स्लाइड्स एक ते शहाण्णव तपासून यादी, दहा जानेवारीच्या आत. कुणावर आवाज चढवायचा नाही, कारण चढवायची वेळ येता कामा नये.

१ जानेवारी २०२५
साडेसातला उठले. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे ठेवले होते. दोन. नाकारणं असभ्य दिसलं असतं.

३ जानेवारी
तेजस्विनीचं पाचवं चित्र. पाचवा गोल. या खेपेला कडेच्या आत आणखी एक बारीक रेघ. ‘आज उजेड जास्त होता,’ अशी टीप.

संयम संपला. ते पान फाडून घेतलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. वर लिहिलं, ‘निरीक्षण असे नसावे.’ हेतू शैक्षणिक.

६ जानेवारी
वर्गातली मुलं तिला बुडबुडा म्हणून हाक मारतात असं कानावर आलं. ए बुडबुडे, वही दे. बुडबुडे, फुटशील. मी दाराशी होते. आत गेले तर गप्प झाली. टोपणनाव ठेवणं वाईटच, पण मुलं मुलांकडूनच लवकर शिकतात. बोर्डावरचं पान अजून काढलेलं नाही.

८ जानेवारी
तेजस्विनी गैरहजर. भिमाजी म्हणाला, मामानं नेलंय चाकणला, वायरिंगच्या कंपनीत नाव लावायला. मी म्हटलं, कष्टाचं काम कुठलंच कमी नसतं. भिमाजीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला बसमध्ये बसवून आले. मग म्हणाला, मॅडम, एक बोलू का? मी म्हटलं, नको.

१० जानेवारी
स्लाइड्स तपासायची शेवटची तारीख. पेटीचा खालचा खण काढला. वरचा काढला. काचा हातात घेतल्या. किती हलक्या असतात. लेबलांवरचं अक्षर माझं, बत्तीस वर्षांपूर्वीचं, मोत्यासारखं. ते बघण्यात वेळ गेला. मायक्रोस्कोप लावायचं राहिलं.

१५ जानेवारी
जर्नल्सवर सह्यांची मुदत वीस तारखेला दुपारी बारापर्यंत. चोवीसपासून बोर्डाचं प्रॅक्टिकल. प्राचार्यांना सांगितलं, एकतीसपैकी तीस जर्नल्स झाली. ते म्हणाले, जाऊ द्या हो मॅडम, करून टाका एकतिसावंही. मी म्हटलं, सर, आज एक सोडलं तर उद्या प्रत्येकजण स्वतःला दिसेल ते काढत बसेल.

ते समोरचे कागद चाळू लागले. मुद्दा पटला.

तेजस्विनी आली आहे परत. कंपनीनं सोमवारी दुपारी दोनला बोलावलंय म्हणे, तोवर उत्तर द्यायचं. तिला सांगितलं, अठराला कार्यक्रमात तू पडद्याशेजारी उभी राहायचंस. मोठा केलेला चौदा नंबर सगळ्यांसमोर काठीनं दाखवायचा. म्हटलं, एवढ्या मोठ्या पडद्यावर तरी दिसेल ना तुला? ती हो म्हणाली. हेतू एवढाच, की तिला एकदा कायमचं दिसावं. दोन-तीनशे लोकांदेखत दिसलेलं माणूस विसरत नाही.

१७ जानेवारी
मशीन बसलं. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, मॅडम, उद्याची स्लाइड एकदा लावून ट्रायल घेऊ या. मी म्हटलं, ट्रायल ज्यांना खात्री नसते त्यांनी घ्यावी. पांढरी पैठणी इस्त्रीला टाकली.

१८ जानेवारी, शनिवार, रात्री
कार्यक्रम उत्तम झाला.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत मालोजीराव, फेटा बांधलेले. शेजारी कंपनीचे पाहुणे. माझा सत्कार, शाल, श्रीफळ. मी पंधरा मिनिटं बोलले. बेचाळीस पायऱ्यांचं काम, एका काचेमागे दोन दिवस, वगैरे. शेवटी म्हटलं, आता बत्तीस वर्षांचं काम तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इंजिनिअरनं चौदा नंबर लावला.

पडद्यावर एक गोल आला. कडा जाड, काळी. तिच्या आत आणखी एक बारीक रेघ. त्याच्या आत काही नाही.

मी इंजिनिअरला फोकस करायला सांगितलं. त्यानं केला. गोल जास्त स्पष्ट झाला.

मालोजीराव पुढे वाकले आणि म्हणाले, ह्ये काय म्हनायचं मॅडम? गिरानातला सूर्य वाटतोय.

माईक माझ्या हातात होता. मी म्हटलं, विद्यार्थिनी सांगेल. आणि माईक तेजस्विनीला दिला.

तिनं पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच बुडबुडा म्हटलं आणि दोघे-तिघे खिदळले. ती बोलली असती तर एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मुलांनी तिला आयता दिला होता.

तिनं काठी उचलली. म्हणाली, हे कांद्याच्या मुळातलं पेशीविभाजन आहे. इथे क्रोमोझोम्स मध्यरेषेवर आलेले दिसतात. इथून ते दोन टोकांकडे ओढले जातात. काठी कोऱ्या जागेवर फिरत होती. आवाज खणखणीत. एकही शब्द चुकला नाही. सगळं पुस्तकातलं.

टाळ्या. पाहुणे मान डोलवत होते. मालोजीराव उठून म्हणाले, आता दिसलं बगा. पोरीनं दावल्यावर बराबर दिसलं.

मलाही हायसं वाटलं. ते वाटलं हे खरं, म्हणून लिहिते.

ती माईक परत देताना माझ्याकडे बघत नव्हती.

वर ‘उत्तम झाला’ असं लिहिलं आहे. खोडणार नाही.

१९ जानेवारी, रविवार
भिमाजीला घरून बोलावून लॅब उघडायला लावली. सकाळी दहा ते दुपारी तीन. सगळ्या बघितल्या.

१ – पिवळं. २ – पिवळं. ३ – भेगा. ७ – बेडकाचं रक्त. रंग पूर्ण उडाला आहे, काच पाण्यासारखी. ९ ते १३ – काही नाही. १४ – बुडबुडा. २२ – बुरशी. बुरशीची स्लाइड नव्हे, स्लाइडवर बुरशी. ४० – माझा एक केस. काळा आहे, म्हणजे त्याच सालातला. पुढे क्रमांक लिहिणं सोडलं.

शहाण्णवपैकी चारांत काही दिसतं. त्यांतल्या तीन, भिमाजी म्हणाला, स्वप्नाली मॅडमनी पदरचे पैसे घालून आणल्या आणि तुमच्या लेबलाचा कागद वरून चिकटवला, तुमाला वाईट वाटू नये म्हनून.

विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाला, दोन हजार सहापास्नं. खिशातून घडी घातलेला कागद काढला. झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स. ‘कोपरा तुटलेली: मायटॉसिस, पान ११२ वरून काढणे. लेबलावर चहाचा डाग: बेडूक. हिरवा ठिपका: लिली.’ शहाण्णवच्या शहाण्णव. दर वर्षी जुनी बॅच नव्या बॅचला देते. ज्याला मिळत नाही त्याला भिमाजी देतो. म्हणाला, न्हाईतर फेल व्हतील लेकरं. आन तुमीबी खूश असायच्या.

खाली एका मुलीचं अक्षर होतं. दोन दुरुस्त्या केलेल्या. ‘र’ लिहायची ती पद्धत मी ओळखते. मी शिकवली, घरी, पाटीवर.

मी विचारलं, मग खाडेला का नाही दिलास? भिमाजी म्हणाला, दिला व्हता की, पैल्याच दिवशी. तिनं घेतला न्हाई. मी बघूनच काढीन म्हनली.

नोटीस बोर्डावरचं पान काढलं. चार टाचण्या होत्या. एवढ्या घट्ट मीच लावल्या होत्या.

संकल्प: उद्या तिला सांगायचं. तुझं पहिलं चित्र बरोबर होतं. एवढंच वाक्य. आरशासमोर चार वेळा म्हणून बघितलं. दुसऱ्या खेपेला आवाज ठीक वाटला. जमलं तर सगळ्या वर्गासमोर सांगायचं. निदान स्टाफरूममध्ये. पहिलं चित्र काढलेलं पान तिच्या जर्नलमध्ये आहे, माझ्या फुलीसकट. ती फुली खोडून तिथेच दहापैकी दहा द्यायचे आणि सही करायची. सगळं सरळ होईल.

२० जानेवारी, सोमवार
तेजस्विनी साडेअकराला जर्नल घेऊन आली. स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. तिनं पान उघडून समोर ठेवलं. चौदा नंबर. चार अवस्था, चारही निर्दोष, पान ११२ वरून. बाकी तीस जणांच्या चित्रांवर ठेवलं तर रेघ हलायची नाही.

मी विचारलं, आधीचं पान कुठं आहे? म्हणाली, फाडून टाकलं, मॅडम. मी म्हटलं, का? ती म्हणाली, चुकलं होतं ना.

आवाजात काही नव्हतं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला मी उत्तर देऊ शकते. ती पडद्याशी उभी होती तशीच उभी होती, ताठ.

वाक्य तोंडाशी होतं. पहिला शब्द, ‘तुझं’, म्हटलासुद्धा. ती म्हणाली, काय मॅडम? तेवढ्यात प्राचार्य आत आले, चहा हवाय का विचारायला. मी म्हटलं, तुझं पेन दे, माझं सापडत नाही.

सही केली. चित्र पुन्हा एकदा नीट बघितलं. दहापैकी नऊ दिले. पेशींच्या कडेला तिनं शेडिंग केलं होतं. बायॉलॉजीच्या चित्रात शेडिंग करत नाहीत.